बायकोची बहीण

सासूबाईंना पॅनक्रियाजचा कॅन्सर आहे हे कळलं, त्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांचं फॅमिली ट्री करायला सांगितलं. मुलाला नाही, मला. मी म्हटलं, "अहो, माझ्या स्वतःच्या पणजीचं नाव मला धड सांगता येत नाही, तुमच्या पणज्या मी कुठून हुडकू?" तर म्हणाल्या, "तू चिकट आहेस. तूच कर."

हे कौतुक होतं. त्यांच्याकडून इतक्या वर्षांत मिळालेलं दुसरं. पहिलं माझ्या डाळीला मिळालं होतं, आणि तेही 'वाटलं होतं तेवढी वाईट नाही' या शब्दांत.

मी पुण्याची. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमध्ये भूल द्यायला म्हणून आले आणि इथल्याच एका शाळामास्तराशी लग्न करून बसले. सासूबाईंना मी त्यांच्या नावानं हाक मारावी असा इथला रिवाज, ती मी मारायचेही, पण इंग्रजीतल्या त्या 'यू'चं मनातल्या मनात कायम 'तुम्ही' करत आले. सवय जात नाही. भांडतानासुद्धा मी त्यांच्याशी आदरानंच भांडले.

घरात खरा प्रश्न फॅमिली ट्रीचा नव्हताच. प्रश्न होता नणंदेचा. माझी नणंद नवऱ्यापेक्षा बरीच मोठी. सतराव्या वर्षी तिला दिवस गेले. मुलगा कोण होता ते मला कधी कळलं नाही, तो मधल्या मध्ये नाहीसा झाला, असे नाहीसे होतातच. सासूबाईंनी तिला दूरच्या गावी, लग्नाआधी पोटुशी राहिलेल्या मुलींसाठी चर्चवाल्यांनी चालवलेल्या एका होममध्ये नेऊन ठेवलं. मुलगा झाला. अंगावर पाजण्यापुरता तिच्याजवळ राहिला आणि मग दत्तक गेला. कागदावर सही सासूबाईंनी तिच्या हाताला धरून करवून घेतली. नणंद तिथून बाहेर पडली ती थेट ब्रिस्टलला गेली, विमानांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागली, आणि आईच्या दारात तिनं परत पाऊल टाकलं नाही. दत्तक गेलेला मुलगा तिला पुढे कधी सापडला नाही. लग्न तिनं केलं नाही. नवरा अधूनमधून जाऊन भेटून यायचा, मी चार-दोनदा गेले होते. मनात मी तिला वन्सं म्हणते. समोर म्हणण्याची सोय नाही.

तर नवऱ्यानं तिला फोन केला. आई आता फार दिवसांची नाही, एकदा ये. ती म्हणाली, "येते. पण तिनं आधी एक सांगावं. का केलं? लोक काय म्हणतील वगैरे नको, ते मी ऐकलंय. खरं कारण सांगायचं. ते कळलं की त्याच दिवशी गाडी काढते."

नवऱ्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही कधी चाललं नाही. एवढंच सांग तिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वयंपाकघरात येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मरणाच्या दारात उभ्या आहेत, लेक यायला तयार आहे, आणि यांना घराणं सुचतंय! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच." नवरा भांडी विसळत राहिला. भांडणं अंगावर आली की तो भांडी विसळतो.

आणि दुसऱ्या दिवशी फॅमिली ट्री. "सगळी लग्नं नीट लाव," सासूबाई म्हणाल्या. "कोण कोणाशी, कुठल्या चर्चमध्ये. एकही रिकामी जागा नको. मग ते तिला पाठवून दे." म्हणजे माझा तर्क बरोबर होता. घराण्याचं सोवळं त्यांना पुराव्यानिशी लेकीच्या हातात द्यायचं होतं. मला राग आला होता, तरी मी कामाला लागले. म्हटलं, कागदाच्या निमित्तानं का होईना, मायलेकींमध्ये काही जाऊ-येऊ तर दे.

त्या वर्षांत मी कामाचे दिवस कमी करून घेतले होते. सुटीच्या दिवशी मी रेकॉर्ड ऑफिसला, जिथे चर्चांची जुनी दप्तरं ठेवलेली असतात, जाऊन बसू लागले. तिथे मायक्रोफिल्मची मशिनं ओळीनं, आणि प्रत्येक मशिनपुढे एकेक म्हातारा किंवा म्हातारी, डोळे बारीक करून स्वतःचे मेलेले शोधतेय. एकमेकांशी बोलायचं नाही. चहाच्या वेळी मात्र सगळे खाली येऊन आपापल्या पूर्वजांबद्दल असे बोलायचे की शेजारपाजारच्यांबद्दलच्या कागाळ्या वाटाव्यात. एकाचा खापरपणजोबा दोन बायकांना दोन गावांत ठेवून होता. एकीची पणजी लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात बाळंत झाली होती. सगळे हसायचे. मेलेल्यांना हसायला कोणाचं काय जातं!

सासूबाईंकडची बहुतेक लग्नं पटापट मिळाली. कॉव्हेंट्रीतच फिती विणणारे आणि घड्याळं करणारे लोक, जन्मले त्याच वस्तीत मेले, लग्नं त्याच चर्चमध्ये. एक मात्र मिळेना. सासूबाईंच्या आजीच्या आईवडलांचं. पणजोबा घड्याळजी, स्वतःचं दुकान. त्यांच्या आजीचा बाप्तिस्मा होता, तिच्या पाठच्या दोन भावंडांचा होता, आईबापांची नावं होती, पण त्या आईबापांचं लग्न त्या चर्चमध्ये नव्हतं, शेजारच्या नव्हतं, आसपासच्या कुठल्याच खेड्यात नव्हतं.

मग मी खानेसुमारी, म्हणजे दर दहा वर्षांची जनगणना, काढली. एका दशकात त्या घरात घड्याळजी, त्याची बायको, तीन मुलं, आणि पुढे लिहिलंय, 'बायकोची बहीण, अविवाहित'. पुढच्या दशकात तोच घड्याळजी, तीच तीन मुलं मोठी झालेली, आणखी तीन लहान, आणि बायकोच्या जागी ती बहीण. मधल्या काळात थोरलीचं दफन. मला तर असं झालं की उठून टाळी द्यावी कोणाला तरी. बहीण गेली आणि धाकटीनं बहिणीची मुलं पदरात घेतली!

आता हे मला परकं वाटण्याचं काही कारणच नव्हतं. माझी सख्खी आजी आजोबांची दुसरी बायको. पहिली तिची थोरली बहीण, बाळंतपणात गेली. तेराव्याला आलेल्या मंडळींतच ठरलं की लेकरं परक्या बाईच्या हाती कशाला द्यायची, धाकटी आहेच. आजीला कोणी विचारलं होतं की नाही देव जाणे. पण तिनं चारी मुलांना, दोन बहिणीची आणि दोन स्वतःची, एका ताटात वाढलं, आणि दरवर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला बहिणीच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. आमच्याकडे या गोष्टीत लपवण्यासारखं काय आहे? उलट मुलांचं नशीब म्हणायचं, सावत्र आई आली तीही मावशीच. लग्न ठरल्यावर सासूबाईंनी एकदा माझ्या घरच्यांबद्दल खोदून खोदून विचारलं होतं, तेव्हा हे सगळं मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलंही होतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या होत्या. मला वाटलं, कंटाळल्या.

शेवटी घड्याळजीचं दुसरं लग्न सापडलं ते बर्मिंगहॅमला, एका मोठ्या चर्चमध्ये, जिथे दिवसभर एकामागून एक जोडपी उभी राहायची आणि कोण कोणाला ओळखायचं नाही. दोघांनी राहण्याचा पत्ता एकच दिला होता, भाड्याच्या खोल्यांचा. इतक्या लांब का गेले, हा प्रश्न मला पडला आणि उत्तरही माझं मीच दिलं. बिजवराचं लग्न कोण वाजतगाजत करतं? उरकून घेतलं असेल चार पाहुण्यांत.

रविवारी जेवताना मी जाहीर केलं. "मिळालं! तुमच्या पणजोबांनी मेहुणीशी लग्न केलं. किती शहाणी बाई बघा, बहिणीची मुलं सांभाळायला आली आणि त्यांची आईच झाली."

सासूबाईंचा काटा हातातच राहिला. "लग्न मिळालं ना? तारीख, चर्च, सगळं?"

"सगळं."

"मग लिहून टाक," त्या म्हणाल्या. "आणि पाठव."

नवऱ्याला त्यातलं डोंबल कळलं नाही. तो बर्मिंगहॅमला तेव्हा आगगाडी होती का यावर बोलत राहिला. सासूबाई त्या दिवशी पुडिंग दोनदा घेऊन जेवल्या. मला वाटलं, चला, बाईंच्या जिवाला समाधान तरी मिळालं.

कागद मी लगेच पाठवला नाही. सुंदर अक्षरात काढायचा होता, त्यात दिवस गेले. तेवढ्यात सासूबाईंनी हट्ट धरला की मला चर्चला न्या. लहानपणीच्या, त्या शहराबाहेरच्या जुन्या चर्चला. व्हीलचेअर गाडीत घातली, त्यांना ब्लँकेटात गुंडाळलं आणि घेऊन गेले. प्रार्थना संपली, लोक चहाला मागच्या खोलीत गेले. सासूबाईंना तिथे जायचं नव्हतं. "इथेच थांबू," म्हणाल्या, आणि बाजूच्या दाराजवळची एक जागा त्यांनी बोटानं दाखवली.

गारठा असा की कोट काढायची सोय नव्हती. मी इकडेतिकडे बघत उभी. भिंतीवर एक जुनी लाकडी पाटी होती, काळ्यावर पिवळी अक्षरं, पार विटलेली, कोणी काढायची राहून गेलेली. माणसानं कोणाकोणाशी लग्न करू नये याची ती यादी. आजीशी नको, आत्याशी नको, आईशी नको, सुनेशी नको. मला हसू आलं. हे लिहून लावावं लागतं? आणि वाचता वाचता, 'बहीण' याच्या बरोबर खाली, 'बायकोची बहीण'.

मी परत वाचलं. मग सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"वाचलंस?" त्या म्हणाल्या. "मी दर रविवारी वाचायची. आमचं बाक हेच. लांबलचक प्रवचन, मुलांना वाचायला दुसरं काय असणार?"

"म्हणजे ते लग्न..."

"लग्न नाहीच ते. तेव्हाच्या कायद्यानं नव्हतं. बायकोची बहीण ती आपलीच बहीण. म्हणून लोक मोठ्या गावाला जायचे, नातं सांगायचे नाहीत, लग्न लावून यायचे. घरी परत आलं की सगळ्या गल्लीला ठाऊक असायचंच. कायदा बदलला तो पुढे, माझी आई शाळेत जायला लागल्यावर. मागची लग्नंही चालतील म्हणाले. आजीला त्याचा काय उपयोग, तिची तोवर पोरंबाळं झालेली."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

सासूबाई सांगत गेल्या. कॅन्सरनं आवाज खोल गेला होता, पण थांबल्या नाहीत. आजी शाळेत असताना पोरं तिला गाठून ही यादी म्हणून दाखवायची, सुरात, कवितेसारखी, आणि 'बायकोची बहीण' आलं की सगळी मिळून ओरडायची. घड्याळजी मृत्युपत्र न करता गेला. थोरलीची तीन मुलं, ज्यांना आजीच्या आईनं न्हाऊमाखू घातलं, ज्यांच्यासाठी ती त्या घरात आली, ती तिघं वकील घेऊन आली. कायद्यानं बापाची मुलं आम्ही तिघंच, म्हणाली. मावशीला आणि तिच्या पोरांना दुकानावरच्या खोल्यांतून बाहेर काढलं. सख्खी मावशी! आजी ते सांगताना रडायची नाही. ती सासूबाईंच्या घरीच राहायची, दर रविवारी याच बाकावर बसायची, पाटीकडे पाठ करून, आणि नातीचं डोकं हातानं वळवून पुढे बघायला लावायची.

"म्हणून माझ्या मुलाला नाही सांगितलं, तुला सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्यानं चार पुस्तकं उलटली असती आणि हे नेमकं त्याच्या हाती लागलं असतं. तुमच्यात हे लग्नच असतं. तू तुझ्या आजीचं सांगितलं होतंस ना? मला वाटलं, निदान एका माणसाच्या हातून तरी ते लग्न म्हणून लिहिलं जाईल."

मला भडभडून आलं. रागही आला, तो जायला तयार नव्हता. मी म्हटलं, "आणि तुमची मुलगी? हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या बाईनं तिचं बाळ देऊन टाकायचं?"

"बघितलं होतं म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. "त्या पोराला गल्लीत काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. मला तो अशा घरी जायला हवा होता जिथे कोणाला काही माहीत नसेल. मी तिला शिक्षा नव्हती केली गं. मी घाबरले होते."

"मग हे तिला इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"आजीला शब्द दिला होता. कोणाला सांगायचं नाही." त्यांनी ब्लँकेटची कड मुठीत धरली. "आता तू सांग. तिला हेच पाहिजे ना? कारण? सांग, आणि घेऊन ये."

मी दुसऱ्याच दिवशी ब्रिस्टलला निघाले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं हे. वाटेत मी मनाशी काय काय रंगवलं होतं! की वन्सं तडक पर्स उचलतील, गाडीत रडतील, मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडतील. मला खरंच तसं वाटत होतं. कारण मिळालं होतं, खरं कारण, आणि ते क्रूरपणाचं नव्हतं, भीतीचं होतं.

नणंदेचं घर लहान, लख्ख, भिंतीवर विमानांची तिनं काढलेली रेखाटनं. तिनं चहा केला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. घड्याळजी, दोन बहिणी, बर्मिंगहॅम, पाटी, वकील, आजी. संपल्यावर मी म्हटलं, "तुम्ही कारण मागितलं होतं. त्यांनी पाठवलंय. चला आता. वेळ थोडा आहे, मी डॉक्टर म्हणून सांगते."

तिनं कप उचलून सिंकमध्ये ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"म्हणजे तिला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो, पण..."

"थांब. मला वाटायचं, ती मूर्ख आहे. पडद्याआडून बघणाऱ्या शेजारणीला घाबरणारी बाई. मूर्ख माणसाला माफ करता येतं, मी जवळजवळ केलंही होतं. नाहीतर तुझ्या नवऱ्याला हो म्हटलं असतं का? पण ती अशाच एका, कायद्यानं लग्नाबाहेरच्या मुलीच्या मांडीवर वाढली. तिच्या हातचं जेवली. अशा मुलीला प्रेमानं घरात ठेवता येतं, ती म्हातारी होते, नातवंडांची डोकी विंचरते, हे तिनं रोज बघितलं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तिच्या आजीला कोणी देऊन टाकलं नाही. तिच्या पणजीनं रस्त्यावर येऊनसुद्धा पोरं जवळच ठेवली. आणि माझं?"

मी नुसतं म्हटलं, "त्या घाबरल्या होत्या हो."

"मी पण घाबरले होते. मी सतरा वर्षांची होते." तिनं माझा कोट आणून दिला. "तिनं सांगितलं, मला कळलं. म्हणून आता येत नाही. तू रागावू नकोस, तू फार लांबून आलीस."

परतीच्या रस्त्यावर मी दोघींवर रागावले, मग त्या वकील आणणाऱ्या तीन भावंडांवर, मग चर्चवर, मग माझ्या आजीवर सुद्धा, इतका आयता मान तिला कसा मिळाला म्हणून. दोन देशांतल्या दोन बहिणी, दोघींनी एकच केलं. कोणाच्या नशिबी सवाष्णीचं जेवण आलं आणि कोणाच्या नशिबी वकील. यात न्याय कसला? कपाळ!

घरी पोचले तर नवरा दारातच उभा होता. वरून सासूबाईंची हाक आली. मी कोट न काढताच वर गेले. सासूबाईंनी केस विंचरून घेतले होते, लेक येणार म्हणून. स्वच्छ कार्डिगन घातलं होतं. माझ्या मागे कोणी आहे का ते त्यांनी मान वाकडी करून बघितलं.

"येतेय?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना मी वाईट बातम्या सांगत आले, त्यातला कुठलाच मऊ शब्द मला तिथे वापरता आला नाही.

"सगळं सांगितलंस? आजीचं?"

"सगळं. त्या म्हणाल्या, तुम्हाला माहीत होतं, म्हणून येत नाही."

मला वाटलं, सासूबाई आता घराणं काढतील, चिडतील. चिडल्या असत्या तर मी भांडले असते.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मी पण नसते आले."

आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडल्या. खालून नवरा धावत वर आला. मी त्यांच्याजवळ पलंगावर बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांना रडू दिलं.